थेट नगराध्यक्ष आणि आमची जनी

ज्ञानूमामाच्या नातवाचा परवा गावाकडून फोन आला. तब्येतीची चौकशी आटोपून गडी लगेच मुद्द्यावर आला. "आत्या, आवंदा थेट नगराध्यक्ष हाय. गावात लई हवा हाय." मी म्हटलं, बरं आहे. "बरं काय! निम्मी लोकं म्हंत्यात गावानं निवडलेलाच बरा, निम्मी म्हंत्यात नगरसेवकांनी आपल्यातला निवडलेलाच बरा. तुमचं काय मत?" सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर गुडघे शेकत बसलेल्या म्हातारीच्या मताला गावाकडं कोण विचारतो! माझं मत मी परकरात होते तेव्हाच ठरलंय, असं काहीतरी तोडून बोलले आणि फोन ठेवला. मागून वाईट वाटलं. सरकार बदललं की हा नियम बदलतो. एकदा लोकांनी निवडायचा, एकदा नगरसेवकांनी, पुन्हा लोकांनी. नवी सून आली की डब्यांच्या जागा बदलाव्यात तसं चाललेलं असतं. त्या पोराला हा वाद नवा वाटतो, त्यात त्याचा काय दोष? त्याच्या आज्यानं, म्हणजे माझ्या मामानं, आमच्या घरातली ही गोष्ट पोराबाळांपुढं कधी काढलीच नाही. म्हणून ती मी लिहून ठेवते आहे. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. टेंभुर्णीहून पश्चिमेला गेलं की लागतं एवढं पुरे, तिथं अजून माझं जाणंयेणं आहे.

आमचं घर घोंगड्यांचं. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडले, मग कुणीतरी गावात टेकलं आणि दारात माग आला. मागाचा खड्डा घरात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला, त्यामुळं आमच्याकडं येणारा पाहुणा आधी आप्पांच्या डोक्याशी बोलायचा आणि मग त्यांच्या तोंडाशी. दिवस उजाडला की धोट्याची खटखट सुरू व्हायची. ती थांबली की आई स्वयंपाकघरातून न बघताच विचारायची, "कोन आलंय?" ती स्वतः चरख्यावर सूत काढायची. लोकरीची कुसळं तिच्या केसात, लुगड्यावर, आमच्या भाकरीतसुद्धा. चिंचोके उकळून घोंगड्यांना लावायची खळ करायचा दिवस असला की गल्लीत शिरतानाच वास यायचा. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी नाक दाबून पळायच्या आणि मी त्यांच्यावर भयंकर चिडायचे. आज तो वास कुठं विकत मिळाला तर मी घेईन, पण ते असो. जेवायला जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं. माडगं ओतताना आई आप्पांना एक पळी जास्त वाढायची, आणि आप्पा ती पळी गपचूप जनीच्या ताटलीत सरकवायचे.

जनी माझी पाठची बहीण. आमच्यामध्ये दोन भावंडं होऊन गेलेली, त्यामुळं ती घरात सगळ्यांची लाडाची, आणि लाडाचं जे होतं तेच तिचं झालं होतं. कुणाला म्हणून भीत नव्हती. मागाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायची आणि गावातली मोठी माणसं हाक मारतात तशी बापाला नावानं हाक मारायची. "धुळा, ए धुळा!" आई डोळे वटारायची. आप्पा मात्र हातातला धोटा थांबवून अदबीनं म्हणायचे, "व्हय जी. बोला." मग ती काहीच बोलायची नाही, नुसती हसायची. असं दिवसातून कितीदा चालायचं. मला या प्रकाराचा थोडा हेवा वाटायचा, हे आज लिहायला हरकत नाही.

आप्पा नगरसेवक झाले ते त्यांच्या तोंडामुळं. शाळा जेमतेम, पण बोलायला उभे राहिले की माणसं विडी विझवून ऐकायची. आमच्या गल्लीला नळ नव्हता, म्हणून ते उभे राहिले आणि निवडून आले. त्या काळी नगराध्यक्ष नगरसेवकांनी आपल्यातून हात वर करून निवडायचा. गावात दोन गट. एक ऊसवाल्या भाऊसाहेबांचा, एक तेलगिरणीवाल्या शेठचा. दोघांची माणसं बरोबरीत आली आणि मधोमध आमचे आप्पा राहिले, कुणाचेच नसलेले. एका रात्रीत आमच्या दाराला किंमत आली. ज्यांनी कधी या गल्लीत पाय टाकला नव्हता ते मागाच्या खड्ड्याशी वाकून "काय म्हंतोय धंदा?" विचारायला लागले. आईला चहाची पूड पुरेना.

आप्पांना याची गंमत वाटत होती आणि अभिमानही. नगरपालिकेसमोर रफीकभाई टेलरांचं दुकान होतं, गावातला सगळा वाद तिथं शिवला जायचा. सरकार कायदा बदलणार, नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडणार, अशी बातमी तेव्हा आली होती. त्यावर गावाचं म्हणणं कळवायला एक जाहीर सभा घ्यायची असं रफीकभाईंनी उचलून धरलं होतं. मी आप्पांचा डबा घेऊन गेले की दुकानाच्या पायरीवर बसून ऐकायचे. "देख धुळाप्पा," मशीनचं पायडल न थांबवता रफीकभाई म्हणायचे, "नगराध्यक्ष पूरे गाव का, तो चुनना भी पूरे गाव नेच. तुम बीस-इक्कीस आदमी कमरे में बैठके हात उठाते, गाव क्या तमाशा देखने कू है क्या?"

आप्पा पायरीवर मांडी ठोकून बसायचे. "रफीकभाई, गावानं निवडायचा म्हंजे ज्येच्याकडं जीप हाय, मानसं हायत, जेवनावळी हायत, त्योच निवडून येनार की! आमच्या गल्लीची मतं ती किती? मुठीतबी मावतील. पन सभागृहात माझा एकट्याचा हात वर जात न्हाय तवर दोघांचंबी घोडं अडलंय का न्हाय? आज भाऊसाहेब माझ्या दारात येतोय तो ह्या एका हातासाठी. उद्या लोकांनी निवडायला लागली की माझ्या दारात कुत्रंबी याचं न्हाय."

"तेरे दर पे आते, मेरे दर पे कौन आते?" रफीकभाई चष्म्यावरून बघायचे. मग दोघं हसायचे आणि चहा मागवायचे. दोघांचंही मला पटायचं. आजही पटतं, खरं सांगायचं तर. पुढं थेट निवडणुका आल्या आणि आप्पांचं भाकीत अक्षर न् अक्षर खरं ठरलं. आमच्या गल्लीतले खड्डे अजून तिथंच आहेत.

आता सहलीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. निवडीच्या आधी आपली माणसं फुटू नयेत म्हणून पुढारी त्यांना गावाबाहेर नेऊन ठेवायचे. त्याला सगळे हसून सहल म्हणायचे. हल्ली समुद्रावरच्या हॉटेलात नेतात, मोबाइल काढून घेतात. तेव्हा एखाद्या बागायतदाराच्या मळ्यात न्यायचे, कोंबडं कापायचे, फाटकावर दोन पैलवान बसवायचे. आणि दुसऱ्या गटाचं काम काय, तर त्या कोंडलेल्या माणसाला बाहेर काढायचं. त्याला पैशापेक्षा खात्रीचा एक उपाय होता. सांगावा धाडायचा, की घरी आई शेवटच्या घटका मोजतेय. माणूस धावत सुटतो. आधीच्या निवडीत एका तात्याला असंच फसवलं होतं. तो मळ्याच्या कुंपणावरून उडी टाकून, रडत, अनवाणी घरी पोचला, तर म्हातारी उंबऱ्यात बसून आंबा चोखत होती. तिथूनच त्याला उचलून गिरणीच्या गोदामात घातला तो निवड होईपर्यंत. ही गोष्ट आप्पा जेवताना अगदी नक्कल करून सांगायचे. म्हातारीची आंबा चोखायची नक्कल तर अशी करायचे की आईला ठसका लागायचा. आम्ही सगळे हसलोय त्या गोष्टीला. जनी तर पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

आप्पा शेवटी भाऊसाहेबांकडं गेले, कारण त्यांनी गल्लीला नळ द्यायचं चारचौघांत कबूल केलं. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो म्हणून बिरोबाच्या देवळात सगळ्यांनी भंडारा उचलला. आमच्यात भंडारा उचलला की संपलं. ओंजळीत हळद घेऊन देवापुढं जे बोलायचं ते मग जीव गेला तरी फिरवायचं नाही. निवडीचा हात वर होईपर्यंत गटातून बाहेर पाऊल टाकणार नाही, असं आप्पा बोलून आले. हात कोपरापर्यंत पिवळे. निघताना आईला म्हणाले, "कुनी आजारी हाय, मेलंय, असा सांगावा आला तरी मी याचा न्हाय. आन् तुला हितं कुनी माझ्याबद्दल काय सांगितलं तर तूबी इस्वास ठेवू नगो. समदा शेठचा खेळ असतोय."

आई घोंगड्याची घडी घालत होती. "आन् खरंच कुनी आजारी पडलं तर?"

"चार दिसांत काय हुतंय?" आप्पा म्हणाले. जनी भाऊसाहेबांच्या गाडीमागं "धुळा, खाऊ आन!" म्हणत गल्लीच्या टोकापर्यंत पळाली.

दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, पोरांना ताप येतो. मग तिचा गळा सुजला आणि आवाज बसला. पाणी पाजलं की नाकावाटे बाहेर यायला लागलं. शेजारच्या हिरामावशीनं तिचं तोंड उघडून बघितलं आणि तडक डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी सुई टोचली, म्हणाले घटसर्प वाटतोय, घशात पडदा धरलाय, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या, उद्यावर ढकलू नका. आईनं हिरामावशीच्या नवऱ्याला एसटीनं मळ्याकडं पिटाळलं. कुठला मळा हे गुपित असलं तरी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नातेपुत्याच्या पलीकडं, रस्त्यालगतचा. मग आईनं घोंगडीचं एक धडपं घेतलं, त्यात जनीला गुंडाळली आणि आम्ही स्टँडवर येऊन बसलो. आई, हिरामावशी आणि मी. ज्ञानूमामा शेठच्या जीपवर ड्रायव्हर होता, पण तो त्या दिवशी शेठला घेऊन माळशिरसला गेलेला. सोलापूरची गाडी दुपारची होती.

स्टँडवर नेहमीसारखी गर्दी होती. कुणी कोंबड्या घेऊन, कुणी उसाच्या कांड्या. एक बाई शेजारी बसून मला माझं नाव, गाव, इयत्ता विचारत होती आणि मी उत्तरं देत होते. जनी आईच्या मांडीवर घुरघुरत होती. मध्येच ते घुरघुरणं थांबलं. मला वाटलं, झोप लागली, बरं झालं. त्या बाईला मी माझ्या शाळेतल्या बाईंबद्दल सांगत राहिले. आई हलली नाही, रडली नाही, तिनं फक्त धडप्याचं टोक जनीच्या तोंडावर ओढून घेतलं. गाडी आली, कंडक्टर ओरडला, "चला टेंभुर्णी, सोलापूर! चला मावशी, उरका!" आई त्याच्याकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "न्हाय जायाचं आता आमाला." हिरामावशीनं तोंडात पदर कोंबला तेव्हा मला कळलं. गाडीत बसायचं सोडून मी तिथंच उभी राहिले, आणि गाडी गेल्यावर तिच्या मागं उगाच थोडी धावले. का धावले ते मला सांगता येणार नाही.

घरी आलो तर मळ्याकडं गेलेला हिरामावशीचा नवरा परत आलेला. फाटकावरच्यांनी त्याला आत सोडलंच नव्हतं, निरोप तेवढा आत नेला होता. आतून उत्तर आलं होतं, "धुळाप्पा म्हंत्यात, ह्ये जुनं झालं. दुसरं कायतरी काडा म्हनावं." तो बिचारा हे सांगता सांगता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळानं माळशिरसहून जीप परतली. बातमी कळली तसे शेठ स्वतः आमच्या दारात आले. आजवर या माणसाला आम्ही घरात शिव्याच दिलेल्या. त्यांनी पायतण गल्लीत काढलं आणि आईपुढं हात जोडले. "बाई, राजकारन राहू द्या एकीकडं. ज्ञानू, माझी जीप घे आन् बापाला घेऊन ये. लेकराला माती द्यायला बाप पायजे." त्यांच्या मनात त्या क्षणी मताचा विचार अजिबात नव्हता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, मोठ्या माणसांच्या मनात एका वेळी बरंच काही असतं. पण जीप त्यांनी दिली. आणि त्या दिवशी मळ्यावर कुणाची जीप जायला नको होती, तर ती हीच. हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोर पुढं ठेवून बसलेल्या माणसांच्या ध्यानात ते येणार तरी कसं?

पुढचं मला ज्ञानूमामानं सांगितलं, तेही फार उशिरा, मी पोस्टात नोकरीला लागल्यावर. शेठची जीप रस्त्यावर दिसताच मळ्यात शिट्ट्या वाजल्या, फाटक बंद झालं, सगळे नगरसेवक गच्चीवर गोळा झाले. मामा फाटकाचे गज धरून ओरडला, "आप्पा, जनी गेली! आप्पा, चला, समदी खोळंबल्यात!" गच्चीवर आधी हशा झाला. कुणीतरी म्हणालं, मेहुण्याला रडायला बरं शिकवलंय शेठनं. आप्पा मात्र हसले नाहीत. ते कठड्याशी आले. "ज्ञानू, शेठची भाकरी खातूस, ठीक हाय. पन बारक्या लेकराचं नाव घ्याचं नव्हतंस. तुला काय लाज? जा, तुझ्या शेठला सांग, धुळानं भंडारा उचललाय." आणि पाठ फिरवून आत गेले. मामा फाटकाशी बसून राहिला. खूण म्हणून तरी काही न्यायला हवं होतं, असं तो मला म्हणाला. मी त्याला म्हटलं, मामा, मेलेल्या पोरीची काय खूण नेणार होतास?

लोक लांडग्याच्या खोट्या हाकेची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत खोटी हाक ज्यानं मारली त्याचंच नुकसान होतं. आमच्या आप्पांनी जन्मात कुणाला खोटी हाक मारली नव्हती. गावातली सगळी मोठी माणसं वर्षानुवर्षं तो खेळ खेळत आली, आणि त्याचं फळ आमच्या दारात पडलं. मला अजून राग येतो. कुणाचा ते मात्र ठरवता येत नाही.

दिवस कलायला लागला तशी रिकामी जीप गल्लीत शिरली. आईनं मामाकडं बघितलं. "आलं न्हाईत?" मामानं मान हलवली. "सांगितलंस का नीट?" "सांगितलं, अक्का." माती मामानं दिली.

निवड झाली. भाऊसाहेब नगराध्यक्ष झाले, एका हातानं. मिरवणूक आधी बाजारातून फिरली आणि मग ज्याच्या हातानं काम झालं त्याला पोचवायला आमच्या गल्लीकडं वळली. नगरपालिकेत आप्पांना कुणीच काही बोललं नव्हतं. भाऊसाहेबांच्या माणसांना कळलं असणार, पण निवड होईपर्यंत त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असावं, आणि नंतर सांगायची हिंमत झाली नसावी. हलगी जवळ जवळ येत होती. आमच्या घरात चूल पेटली नव्हती, लोकांनी आणलेला कडू घास झाकून ठेवलेला. हिरामावशी आणि गल्लीतल्या बायका उठल्या, गल्लीच्या तोंडाला गेल्या आणि हात आडवे धरून उभ्या राहिल्या. हलगी एकदम बंद पडली. त्या बायकांमधून आप्पा एकटे आत आले, कपाळापासून छातीपर्यंत गुलाल, गळ्यात हार, हातात कागदाच्या पुड्यात जनीचा खाऊ. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय झालंय? जनी कुटं हाय?"

कोपऱ्यात बसलेला मामा उठून त्यांच्यापुढं आला आणि म्हणाला, "आप्पा, मी आलतो की."

आप्पा तिथंच खाली बसले. अंगावरचा गुलाल पुसायचंही त्यांना सुचेना. शेवटी मामानंच ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, आंधळ्या माणसाचं पुसावं तसं. मला माझ्या बापाची इतकी दया आली की मी परसात जाऊन ओकले.

नंतर माग बरेच दिवस बंदच होता. आई कामं करायची, भाकऱ्या थापायची, आप्पांना वाढायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. भांडणही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आप्पा भिंतीला टेकून बसायचे. नळाचं काम सुरू झालं, गल्लीत चर खणले गेले, लोक खुश होते आणि आम्हाला बघून खुशी लपवायचे. तशात एक दिवस भाऊसाहेब भेटायला आले. झालं ते वाईट झालं, देवाची मर्जी, असं बोलून झालं. मग म्हणाले, "धुळाप्पा, रफीकची ती सभा बाजारच्या दिशी हाय. नगराध्यक्ष थेट पायजे म्हनत्यात. आपल्या बाजूनं तुमी बोलायचं. तुमच्यावानी कुनाला बोलता येतंय?"

आई आत चरख्यावर होती. पुरुषमाणसांपुढं ती कधी बोलली नव्हती. चरखा थांबला आणि ती जागेवरूनच म्हणाली, "गावानं निवडला असता तर ह्ये घरात असते." एवढंच. मग चरखा पुन्हा फिरायला लागला. भाऊसाहेबांनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि ते निघून गेले. आप्पांना उद्देशून नव्हे, तरी त्या दिवसानंतर आई त्यांच्यासमोर बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

सभा नगरपालिकेच्या पटांगणात झाली. बाजार उठलेला, वांगी-मेथीचा पाला पायाखाली. मी रफीकभाईंच्या पायरीवर बसले होते. पुष्कळजण बोलले. एका वकिलानं कायदा सांगितला, एकजण म्हणाला पाचामुखी परमेश्वर, एकजण म्हणाला तो पाचामुखीच असतो, पाच हजारांमुखी नव्हे. लोक हसले. मग भाऊसाहेबांनी आप्पांचं नाव पुकारलं. आप्पा येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ते मागं लिंबाखाली उभे होते. पुढं आले. दाढी वाढलेली, डोक्याला पटका नाही. त्यांना बघून बाजारातला गलका आपोआप खाली बसला.

"मी म्हनत हुतो, नगराध्यक्ष आपल्यातल्या आपल्यात निवडावा," ते म्हणाले. त्यांचा तो खणखणीत आवाज राहिला नव्हता. "का म्हनत हुतो, तर आमच्यावानी लहान मानसाच्या एका हाताला तितं मोल असतंय. ते अजूनबी खोटं न्हाय. तुमी लोकांनी निवडलासा की आमाला कोन इचारनार न्हाय. नळबी कुनी देनार न्हाय. मला ठावं हाय. तरीबी म्या म्हंतो, गावानं निवडा." पुढच्या रांगेत शेठ बसले होते, पलीकडं भाऊसाहेब. आप्पांनी दोघांकडंही बघितलं नाही, ते मामाला शोधत होते. मामा गर्दीच्या कडेला जीपपाशी उभा होता. "हाताला मोल आलं की हाताला कोंडून घालत्यात. कोंडलेल्या मानसाला खरं काय, खोटं काय, कळत न्हाय. त्या दिशी जीप खरी हुती." आणि त्यांनी हात वर केला. रफीकभाईंनी पायरीवर माझ्या शेजारी बसून चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला नाही.

मी तिथून जी धावत सुटले ती घरी. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. आईला हे ऐकायला मिळालं की ती बोलायला लागेल, आप्पा मागावर बसतील. मी दारातूनच ओरडले, "आय, आप्पांनी सांगितलं! समद्या गावापुढं सांगितलं, जीप खरी हुती म्हनून. थेट नगराध्यक्ष पायजे म्हनून हात वर केला!"

आई लोकर पिंजत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, कोण कुठं बसलं होतं तेही विचारलं. मग पिंजलेली लोकर एका बाजूला सारून म्हणाली, "गावाला सांगितलं व्हय. बरं झालं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला न्हाय सांगितलं अजून."

पुढं दोघांचा संसार पुष्कळ वर्षं चालला. बोलणं हळूहळू सुरू झालं, मिठाचं, पाण्याचं, सुताचं. माझं लग्न त्यांनी दोघांनी मिळून केलं. आप्पा गेले तेव्हा आई त्यांच्या उशाशी होती, शेवटचे दोन दिवस ती तिथून हलली नाही. त्यांच्या ओठांपाशी कान नेऊन बसायची. सगळं आटोपल्यावर मी तिला विचारलं, काही बोलले का? तिनं नाही म्हणून मान हलवली आणि चहा टाकायला उठली.